कथेच्या भागावरच्या प्रतिक्रिया वाचताना: कोण कुठल्या वाटेने आलं ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ब्राउझरमध्ये खेळायचा, मजकुरावर चालणारा तुमचा कथा-गेम आहे आणि दर महिन्याला त्याचा एक भाग येतो. खाणीच्या गावातली नकाशावाली ही त्यातली सगळ्यांची लाडकी व्यक्तिरेखा. सहा भाग प्लेअर जमिनीखाली उतरून बोगद्यांची कच्ची टिपणं तिला आणून देतात आणि ती त्यांचा नकाशा जुळवत जाते. सातव्या भागात ती तो नकाशा खाणमालकाला विकते आणि गाव सोडून निघून जाते. भाग आल्यापासून प्रतिक्रियांची झोड उठली आहे. काहींच्या मते हा आजवरचा सर्वांत चांगला भाग आहे. काही म्हणतात, आमच्या निवडींना काही अर्थच नव्हता. काहींचं ठाम मत आहे की ती असं वागूच शकत नाही. तुमच्या टीममध्येही दोन तट पडलेत, आणि शेवट बदलायचा का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवट बदलू नका. भागाला मात्र हात लावावा लागेल. तो नेमका कुठे लावायचा, हे बाजूने किती आणि विरोधात किती अशी मोजणी करून कळणार नाही.

कारण फाटे फुटणाऱ्या कथेत ‘सातवा भाग’ असा एक मजकूर नसतोच. कादंबरीचं शेवटचं प्रकरण सगळ्यांनी तेच वाचलेलं असतं. आवडलं-नावडलं याची बेरीज करता येते. तुमच्या गेममध्ये एकाने नकाशावालीच्या घरी रात्री मुक्काम केलेला असतो, दुसऱ्याने तिच्याशी कामापुरतं बोलून काढता पाय घेतलेला असतो, तिसऱ्याने तिला अर्धवट माहिती दिलेली असते. शेवटचा पडदा तिघांना तोच दिसला, तरी तिघांनी वाचलेली गोष्ट निराळी आहे. म्हणून प्रतिक्रिया हातात आली की पहिलं काम एकच: ती देणारा प्लेअर कुठल्या वाटेने इथवर आला, ते तिच्या शेजारी लिहायचं. वाट माहीत नसलेली प्रतिक्रिया माझ्या लेखी अर्धीच असते.

सेव्ह, म्हणजे प्लेअर कुठवर आला याची साठवण, तुमच्या सर्व्हरवर असेल तर ही वाट तुमच्याकडे आधीच नोंदलेली आहे. सेव्ह फक्त प्लेअरच्या ब्राउझरमध्ये राहत असेल, तर अभिप्रायाच्या खिडकीत ‘माझ्या निवडी सोबत जोडा’ अशी एक चौकट द्या आणि ती आधीपासून टिक करून ठेवू नका. परवानगी देणारे पुष्कळ निघतात, कारण आपण काय केलं ते सांगायची त्यांना मनापासून इच्छा असते.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रिप्टमधली एक जागा मी तीनदा वाचली. तिसऱ्या भागात उत्तरेचा बोगदा सापडतो. खाणीतून पळालेली माणसं बायकामुलांसकट तिथे लपून राहतात. तिथे प्लेअरला पर्याय आहे: ‘हा बोगदा नकाशावालीला सांगू नका.’ ज्यांनी तो निवडला त्यांच्यासाठी तुम्ही एक व्हेरिएबल, म्हणजे ती निवड लक्षात ठेवणारी खूण, नोंदवून ठेवलंत. ते फार चांगलं केलंत. पण त्या व्हेरिएबलचं नाव अख्ख्या स्क्रिप्टमध्ये शोधलं तर ते एकदा लिहिलं जातं आणि पुढे कुठेच वाचलं जात नाही. सातव्या भागात सगळ्यांना एकच वाक्य मिळतं: ‘नकाशा पूर्ण आहे. एकही बोगदा सुटलेला नाही.’

ज्याने चार महिन्यांपूर्वी तो बोगदा लपवला, त्याच्या दृष्टीने हे वाक्य सरळसरळ खोटं आहे. त्याने जे राखलं होतं तेच तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत विकून टाकलंत, आणि ते त्याने राखलं होतं याची दखलही घेतली नाहीत. ‘आमच्या निवडींना अर्थच नव्हता’ या तक्रारींतल्या किती याच वाटेवरून आल्यात ते तपासा. बऱ्याचशा तिथूनच आल्या असतील, असा माझा कयास आहे. या लोकांना वेगळा शेवट नको आहे. आपण केलेलं कथेला ठाऊक आहे, एवढंच त्यांना दिसायला हवं आहे.

इथली दुरुस्ती चार वाक्यांची आहे. बोगदा लपवलेल्यांना ‘नकाशा पूर्ण आहे’ याऐवजी असं काही दिसू द्या: ‘खाणमालक नकाशा उलगडतो. उत्तरेकडे कागद कोरा आहे. तिथे काय आहे हे तिला माहीत नव्हतं, कारण तुम्ही सांगितलंच नव्हतं. तो कोऱ्या जागेवर बोट ठेवतो आणि पुढे सरकतो.’ नकाशावाली तरीही दगा देते, तरीही निघून जाते. शेवट तोच राहतो. पण त्या प्लेअरच्या हातून एक गोष्ट वाचली, आणि ती वाचली हे त्याला कळलं. आठव्या भागात या माणसांचं काय करायचं याचा धागाही तुमच्या हाती आयता लागतो.

भाग प्रसिद्ध करण्याआधी एक यादी काढायची सवय टीमला लावा: जे व्हेरिएबल लिहिलं जातं पण वाचलं जात नाही, ते प्रत्येक. त्यातली काही मुद्दाम पुढच्या भागांसाठी राखलेली असतील, ती तशी खूण करून ठेवा. उरलेली म्हणजे उद्याच्या तक्रारी आहेत. टेलटेल या गेम कंपनीच्या २०१२ सालच्या पाच भागांच्या ‘द वॉकिंग डेड’ गेममध्ये अमुक पात्र हे लक्षात ठेवेल, अशी सूचना पडद्यावर झळकायची. ती युक्ती पुढे अनेकांनी उचलली. तुम्ही तशी सूचना दाखवत नाही. तरी पर्याय समोर ठेवणं हीच मुळात तशी सूचना असते. प्लेअर ती वाचतो आणि मनात नोंदवतो. महिने उलटले तरी ती तो विसरत नाही.

आता दुसरी जागा: बटणावरचा मजकूर. शेवटच्या प्रसंगात एक पर्याय आहे, ‘नकाशा तिच्या हातून हिसकावून घ्या’. तो दाबला की येतं: ‘तुम्ही हात पुढे करता. नकाशा केव्हाच खाणमालकाच्या पेटीत गेलेला आहे.’ ही फसवणूक आहे, आणि प्लेअरला ती बरोबर तशीच लागते. पर्यायावर लिहिलेलं म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. हिसकावणं होणारच नसेल तर तसं लिहू नका. ‘नकाशासाठी हात पुढे करा’ असं लिहा. मग हात पुढे जातो, रिकामा परततो, आणि तो रिकामा हात प्लेअरचा स्वतःचा असतो. पहिल्या मजकुराने राग लेखकावर जातो, दुसऱ्याने नकाशावालीवर. फरक तीन-चार शब्दांचा आहे.

यावरून प्रतिक्रिया चाळायची एक साधी रीत मी वापरते. वाक्यात रोख कोणावर आहे ते बघायचं. ‘ती अशी कशी वागली’, ‘तिला मी कधी माफ करणार नाही’, ‘पुढच्या भागात ती भेटली तर बोलणारच नाही’ हे सगळं नकाशावालीला उद्देशून आहे. लिहिणारा कितीही चिडलेला असो, तो अजून गोष्टीच्या आत आहे. या प्रतिक्रियांना हात लावायचा नाही, त्यांच्यासाठी काही दुरुस्त करायचं नाही. तुम्ही सहा महिने जे बांधलंत त्याचं हे फळ आहे. ‘तुम्ही असं कसं लिहिलंत’, ‘हे आधीच ठरलेलं होतं’, ‘मी दुसरं काही केलं असतं तरी हेच झालं असतं’ हे लिहिणारा गोष्टीबाहेर पडलेला आहे. कुठल्या पडद्यावर बाहेर पडला, ते शोधायचं. एकाच माणसाच्या एकाच पत्रात दोन्ही असतात. अशी पत्रं सर्वांत मोलाची, कारण तो कुठल्या वाक्यापर्यंत आत होता हे त्यात उघड दिसतं.

‘ती असं वागूच शकत नाही’ म्हणणारे तिसरे. यांचं म्हणणं टीमला सर्वांत जास्त बोचलं आहे, कारण तुमच्या मते तुम्ही पूर्वसूचना दिली होती. दिली होती, मी वाचली. चौथ्या भागात सावकार तिच्या दारात येतो, ती कर्जाचा कागद चुलीत सारते, आणि ‘माझ्याकडे विकण्यासारखं एकच आहे’ असं पुटपुटते. उत्तम प्रसंग आहे. पण तो फक्त तिच्या घरी मुक्काम करणाऱ्यांनाच दिसतो. जे धर्मशाळेत झोपले त्यांच्या गोष्टीत सावकार नाही, कर्ज नाही, ते वाक्य नाही. त्यांना सहा भाग एक प्रेमळ बाई भेटली आणि सातव्यात ती अचानक उलटली. ते बरोबर म्हणताहेत: त्यांना भेटलेली बाई असं वागूच शकत नाही.

लिहिणाऱ्यांनी सगळे फाटे वाचलेले असतात, म्हणून त्यांच्या डोक्यात व्यक्तिरेखा पूर्ण असते. प्लेअरने एकच वाट वाचलेली असते. कथा-गेम लिहिणारे सॅम काबो अ‍ॅशवेल यांनी २०१५ मध्ये निवडींवर चालणाऱ्या कथांच्या रचनांची जी मांडणी केली, तिच्यात फाटे फुटून ठरावीक जागी पुन्हा एकत्र येणारी एक रचना आहे. तुमचा गेम त्याच जातीचा. या रचनेत एक नियम पाळावा लागतो: ज्या माहितीवर शेवट उभा आहे ती फाट्यावर ठेवायची नाही, जिथून सगळेच जातात त्या सामाईक जागी ठेवायची. फाट्यावर ठेवायचं ते जास्तीचं, बारकावे, जवळीक. मुक्काम करणाऱ्याला सावकाराचा अख्खा प्रसंग मिळू दे. पण पाचव्या भागाच्या सुरुवातीला, जिथे सगळेच तिच्या दुकानात येतात, तिथे दारावर सावकाराची नोटीस चिकटवलेली असू दे आणि नकाशावालीला नजर चुकवून ती काढून टाकू दे. दोन वाक्यं पुरेत. नवीन येणारे प्लेअर यापुढे तिथूनच जातील. जे आधीच पुढे गेलेत त्यांच्यासाठी सातव्या भागाच्या पहिल्या पडद्यावर तीच नोटीस रिकाम्या दुकानात सापडू द्या.

ॲक्शनच्या, म्हणजे पुढचं पाऊल टाकताना खर्च होणाऱ्या आणि वेळाने परत मिळणाऱ्या संधींच्या, मर्यादेचाही विचार करा, कारण तुमच्या गेममध्ये ती आहे आणि टीममधल्या चर्चेत तिचा उल्लेख कुठेच नाही. ‘फॉलन लंडन’ हा गेम २००९ पासून ब्राउझरमध्ये चालू आहे. तिथे साध्या खात्यात वीस ॲक्शन साठतात आणि दर दहा मिनिटांनी एक परत मिळते. अशा गेममध्ये प्लेअर भाग एका बैठकीत वाचेलच असं नाही. ॲक्शन संपतील तिथे तो थांबतो, आणि थांबलेल्या जागी विचार करत बसतो. तुमच्या सातव्या भागात दगा उघड होतो आणि नकाशावालीचं शेवटचं बोलणं येतं, या दोहोंमध्ये पाच ॲक्शन जातात. ज्यांच्या त्या तिथे संपल्या, त्यांनी दगा पाहिला आणि कारण न ऐकताच तासभर काढला. त्या तासात लिहिलेल्या प्रतिक्रिया वेगळ्या काढा. कळसाचा प्रसंग सुरू झाला की तो संपेपर्यंत ॲक्शन घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. कोणाला थांबवायचंच असेल तर दाराबाहेर थांबवा, दार उघडल्यावर नको.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. ‘माफ करा’ या पर्यायाला तुम्ही ‘शाप द्या’पेक्षा जास्त नाणी दिलीत. हे एकाला कळलं की दिवसभरात सगळ्यांना कळतं, आणि मग मनात नसताना लोक माफ करतात आणि मनाविरुद्ध वागायला लागल्याचा राग कथेवर काढतात. कथेतल्या भावनिक निवडींना मोबदला सारखाच ठेवा. हा हिशेबाचा प्रश्न आहे, कथेचा नाही. पण तक्रार कथेच्या नावाने येते. पैसे मोजून भाग घेणाऱ्यांच्या प्रतिक्रियाही वेगळ्या वाचा. ते लांबी आणि मोबदला तोलतात, आणि तसं तोलायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

वेळेचंही भान हवं. पहिल्या काही तासांत लिहिणारे म्हणजे ॲक्शन साठवून ठेवून भागाची वाट पाहत बसलेले, सर्वांत जास्त जीव लावलेले लोक. त्यांचं प्रेम खरं आहे, पण ते सगळ्या प्लेअरचे प्रतिनिधी नाहीत. काही दिवसांनी सावकाश खेळणारे येतात, त्यांचा सूर निराळा असतो. आणि काहीच न लिहिणारे सर्वांत जास्त असतात. त्यांचं म्हणणं लॉगमध्ये, म्हणजे गेमने आपोआप ठेवलेल्या नोंदींमध्ये, शोधावं लागतं: कुठल्या पडद्यावर ब्राउझर बंद झाला, कोण परत आलं, कोण आलंच नाही. सातवा भाग पूर्ण करून पुढची कामं शांतपणे करत राहिलेला माणूस नाराज नाही. मधेच उठून गेलेला आणि दोन आठवडे न फिरकलेला माणूस बहुधा नाराज आहे, आणि तो तुम्हाला कधी पत्र लिहिणार नाही.

ताबडतोब दुरुस्त करायच्या तक्रारी वेगळ्या. मजकूर आपोआप पुढे सरकतो आणि वाचून होत नाही, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला पर्याय सापडत नाहीत, फोनवर बटण दिसत नाही, यांवर चर्चा करत बसू नका, आजच्या आज दुरुस्त करा. सरकत्या मजकुराने तुम्हाला ताण निर्माण करायचा होता हे मला कळतं. पण प्रत्येकाचा वाचनाचा वेग वेगळा असतो, आणि सावकाश वाचणाऱ्याला त्या प्रसंगात नकाशावालीचं निम्मं बोलणं मिळालंच नाही. पुढे जायचं बटण त्याच्या हातात द्या.

शेवट का बदलायचा नाही, तेही सांगते. बायोवेअर कंपनीचा ‘मास इफेक्ट ३’ हा गेम मार्च २०१२ मध्ये आला, त्याच्या शेवटावरून प्रचंड गदारोळ झाला, आणि जूनमध्ये बायोवेअरने वाढवलेला शेवट विनामूल्य दिला. त्यांनी मूळ निवडी काढून टाकल्या नाहीत. निवडीनंतर कोणाचं काय झालं हे दाखवणारी दृश्यं घातली, आणि समोरचे सगळेच पर्याय नाकारण्याची वाट जोडली. सगळे खूष झाले असं नाही. पण त्यांनी हात कुठे लावला ते बघण्यासारखं आहे: परिणाम दाखवण्याला. तुमच्याकडेही तिथेच उणीव आहे. शिवाय ज्यांना भाग मनापासून आवडला त्यांची ती गोष्ट आहे. ती तुम्ही त्यांच्या हातून काढून घेतलीत तर त्यांच्याशी केलेला तो दुसरा दगा होईल, आणि त्याला कथेत कारण सापडणार नाही.

बदल करताना तांत्रिक बाजू नीट सांभाळा. चालू गेममध्ये हजार ठिकाणी हजार लोक उभे असतात. एखादा पडदा काढून टाकलात आणि कोणी नेमका त्याच पडद्यावर थांबलेला असला, तर त्याचं सेव्ह लटकतं. ट्विन या कथा-गेम बनवायच्या साधनात केलेल्या खेळांतही हीच अडचण येते: सेव्हमध्ये परिच्छेदाचं नाव साठवलेलं असतं, नाव बदललं की जुनं सेव्ह त्या जागी पोचत नाही. म्हणून नावं बदलू नका, जुने पडदे काढू नका, फक्त नवे जोडा आणि जुन्यांतला मजकूर अटींनी बदला. जुन्या सेव्हमध्ये नसलेल्या प्रत्येक नव्या व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्या. भाग पूर्ण केलेल्यांचं काहीही आपोआप बदलू नका. त्यांना हवं असेल तर शेवटचा प्रसंग पुन्हा वाचता येईल अशी सोय द्या, नाणी पुन्हा न देता. बदल करून झाला की मुक्काम केलेला, न केलेला, बोगदा सांगितलेला आणि लपवलेला, अशा चारही जोड्यांची जुनी सेव्ह घेऊन शेवटपर्यंत खेळून बघा. हे काम लेखकाने करू नये. पूर्वीचे भाग न लिहिलेल्या कोणाला तरी बसवा.

लोकांना उत्तर काय द्यायचं? आधी एवढंच: प्रतिक्रिया वाचतो आहोत, अमुक अमुक बग सापडले आहेत, ते अमुक दिवशी दुरुस्त होतील. नकाशावाली अशी का वागली याचं स्पष्टीकरण टीममधल्या कोणीही देऊ नये, अगदी खासगीतसुद्धा. कारण कथेत सापडायला हवं. तुम्ही बाहेरून सांगितलंत की कथेतलं कारण अपुरं होतं यावर तुमचीच सही होते. पुढच्या भागात सगळं नीट होईल असंही सांगू नका. कोणाचा राग चुकीचा आहे असं तर मुळीच म्हणू नका. आणि टीममधल्या ज्या व्यक्तीने हा भाग लिहिला तिने पहिला आठवडा प्रतिक्रिया स्वतः वाचू नयेत. दुसऱ्याने वाचून, वाटेनुसार लावून, तिच्यापुढे ठेवाव्यात. चांगलं लिहिणारी माणसं या आठवड्यात खचतात आणि पुढचा भाग भीत भीत लिहितात. तो भित्रेपणा प्लेअरला पहिल्या पडद्यावर जाणवतो.

बदल प्रसिद्ध झाले की एक छोटी नोंद द्या: बोगद्याबद्दलची निवड आता लक्षात घेतली जाते, एका पर्यायाचा मजकूर बदलला आहे, कळसाच्या प्रसंगात ॲक्शन लागत नाहीत. बोगदा लपवणाऱ्यांना मात्र वेगळा निरोप गेममध्येच पाठवा, पत्राच्या रूपात, उत्तरेच्या बोगद्यातल्या माणसांकडून. ते पत्र आठव्या भागाची वाट न बघता, या दुरुस्तीबरोबरच जाऊ द्या.